उजव्या पायाचा शेरा

माझा डावा पाय आता माझं सगळं ऐकतो. उजवाही ऐकतो, पण त्याच्या सवडीनं. पाऊल घोट्यातून वर उचल म्हटलं की तो निम्म्यावर थांबतो, म्हणून बुटात प्लॅस्टिकचा स्प्लिंट घालते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं या पायाभोवतीच फिरतं. आणि आमच्या घरात अशी गोष्ट आधी सांगायची पद्धत नव्हती.

मी ऋतुजा, राहणार सातारा. सध्या सांगलीकडच्या एका कॉलेजात फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात कवठे महांकाळहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीला माझ्यासारखाच जीबीएस, म्हणजे नसांचा आजार, झाला होता. ती आता वॉकर धरून चालते आणि बारावीनंतर तिलाही फिजिओथेरपीच करायचीय. "जमंल का गं तिला?" असं त्यांनी विचारलं. मला फोनवर नीट उत्तर देता आलं नाही. काहीतरी गोल बोलले आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडले. म्हणून हे लिहून काढतेय.

मुंग्या

आमच्या गल्लीत अकरा घरं आणि त्यात सात फौजेचे पेन्शनी. पप्पा नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आता एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुरक्षा सुपरवायझर आहेत. गल्लीतली पोरं दहावी झाली की फौजेच्या भरतीसाठी पळायला लागतात. मीही बारावी सायन्स झाल्यावर भरतीच्या अकॅडमीत नाव घातलं. मुलींना सोळाशे मीटर पळायचं असतं आणि मी बऱ्यापैकी पळत होते.

भरतीत पळण्याइतकीच मेडिकलची धास्ती असते. त्याची तयारी आमच्याकडं घरोघरी चालते. कानातला मळ आधीच काढून आणायचा. ओलं पाऊल फरशीवर उमटवून तळव्याला कमान आहे का ते बघायचं. वजन कमी भरत असेल तर सकाळीच पोट फुटेस्तोवर केळी खायची. आणि पूर्वी कधी हाड मोडलं होतं का, चक्कर येते का, असं डॉक्टरांनी विचारलं तर उत्तर एकच, "नो सर." हे खोटं बोलणं आहे असं कुणाला वाटत नाही. इस्त्रीचा शर्ट घालून जावं, तितकं ते साधं समजतात.

गणपती झाल्यावर माझं पोट बिघडलं आणि दोन दिवसांत बरंही झालं. त्यानंतर आठवड्याभरानं पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. पळताना टाच जमिनीला टेकलेली कळेना. मी पप्पांना सांगितलं.

"मुंग्या कुणाला येत न्हाईत?" पप्पा म्हणाले. "तेल लाव. मेडिकल तोंडावर हाय, अकॅडमीत कुणाजवळ बोलायचं न्हाई. आईजवळबी नको. ती उगं दवाखान्यात न्हेईल आन् कागद तयार हुईल."

कागदाचीच त्यांना भीती. फौजेत आजार कागदावर आला की माणसाची मेडिकल कॅटेगरी खाली जाते, आणि कॅटेगरी गेली की बढती गेली. सव्वीस वर्षं नोकरी करून ते एवढं पक्कं शिकले होते. मी तेल लावलं आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मैदानावर दोनदा अडखळले. तिसऱ्या दिवशी जिना चढताना कठडा धरावा लागला. चौथ्या दिवशी सकाळी संडासातून उठताच येईना. मी आईला हाक मारली. तिनं काखेत हात घालून मला बाहेर ओढलं, आणि हे चार दिवस चाललंय हे तिला तेव्हा कळलं.

एका श्वासात

साताऱ्याच्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय जागचा हलला नाही. त्यांनी दुसऱ्या पायावर मारून बघितली आणि लगेच सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात फोन लावला. तिथं मेंदू-नसांचे डॉक्टर होते, आयसीयूत जागा होती, आणि माझा मामाही सांगलीतच राहतो. कराडच्या पुलावर गाडी गर्दीत थांबली तेव्हा आईनं पाण्याची बाटली हातात दिली. ती माझ्या हातून पडली. 

सांगलीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून?"

"आज सकाळपासून, सर," पप्पा म्हणाले. अगदी सावधानमध्ये उभे राहून.

"चार दिस झालं," आई म्हणाली. त्यानंतर ती पप्पांशी अकरा दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "पोरीचे पाय गेले तुमच्या मेडिकलपायी."

पप्पांना मी मुद्दाम दोष देत नाही. गप्प बसणारी मीही होते, आणि मला तोंड होतं.

डॉक्टरांनी नसांची तपासणी केली, पाठीतलं पाणी काढलं आणि दुपारी सांगितलं की हा जीबीएस आहे. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा चुकून आपल्याच नसांवर उलटते. बहुतेक माणसं यातून उठतात. पण किती दिवसांनी, आणि किती ताकद परत येईल, ते आज सांगता येत नाही. मला त्या क्षणी आठवलं ते एवढंच, की माझे पळायचे नवे बूट अकॅडमीच्या कपाटात राहिलेत.

आयसीयूत रोज तीनदा सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, "मोठा श्वास घे आणि एका दमात आकडे मोज." छातीचे स्नायू किती टिकून आहेत ते यावरून कळतं. धडधाकट माणूस तिशीच्या पुढं जातो. पहिल्या दिवशी मी एकोणीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी बारा. तिसऱ्या दिवशी नऊ. त्या दुपारी श्वासाचं मशीन माझ्या पलंगाशेजारी आणून ठेवलं. लावलं नाही, नुसतं ठेवलं. मला भीती वाटली. मरणाची म्हणता येणार नाही. घशात नळी घातली तर मोजताही येणार नाही, याची वाटली.

पप्पा काचेपलीकडून बोटं हलवून विचारायचे, किती? माझा हात उचलत नव्हता, म्हणून सिस्टर माझ्या वतीनं बोटं दाखवायच्या. नऊ. परत नऊ. मग दहा. ज्या दिवशी तेरा झाले त्या दिवशी मशीन ढकलत दुसरीकडं नेलं. सिस्टरनी माझ्या केसांचा गुंता सोडवून शाळेसारख्या दोन वेण्या घातल्या. त्या वेण्यांचं मला अजून बरं वाटतं.

मुल्ला मॅडम

तीन आठवड्यांनी मला चाकाच्या खुर्चीतून फिजिओथेरपी विभागात नेलं. तिथल्या मुख्य मुल्ला मॅडम. पन्नाशीच्या, आवाज मोठा, नखं अगदी मुळापासून कापलेली. त्या स्नायूंच्या ताकदीला शून्य ते पाच असे गुण देतात. माझ्या दोन्ही पावलांना एक मिळाला. एक म्हणजे स्नायू हलल्याचं बोटाला लागतं, पाय मात्र हलत नाही.

"पाच कवा हुतील?" पप्पांनी विचारलं.

"आधी दोन होऊ देत," मॅडम म्हणाल्या.

दवाखान्यातून सुटल्यावर मी आणि आई मामाकडं राहिलो, म्हणजे रोज विभागात जाता येईल. मामानं देशी संडासावर लाकडी खुर्ची ठोकून दिली. ती खुर्ची पाहून मी रडले, आनंदानं. ज्यानं आजारपण काढलंय त्याला हे समजावून सांगायला नको.

मॅडमनी व्यायाम दिले ते प्रत्येकी दहा वेळा, मध्ये विश्रांती घेऊन. पप्पा रविवारी सुट्टीला साताऱ्याहून यायचे. दहा हा आकडा त्यांना अपमानासारखा वाटला. ते खुर्ची ओढून समोर बसायचे आणि तीसपर्यंत मोजायचे. "थकल्यावर पुढचे जे दहा करतो त्यांनीच ताकद येती. रगडा लागतो रगडा." फौजेत ते खरं असेलही. मलाही ते आवडायचं, कारण आजारी माणसाला कुणीतरी रागावून काम करायला लावलं की आपण अजून संपलो नाही असं वाटतं. मॅडमना सांगायचं नाही, एकदम बरं होऊन दाखवायचं, असं आम्हा दोघांचं ठरलं.

तिसऱ्या सोमवारी मॅडमनी माझं पाऊल हातात धरलं आणि थांबल्या. "काल काय केलंस?"

"काही नाही."

त्यांनी नडगीवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. विभागात रेडिओ चालू होता. अख्खं गाणं झालं तरी त्यांनी हात काढला नाही.

"तीस वेळा केलं," मी म्हणाले. "तीन आठवडे झाले, दर रविवारी."

"मला हाताला कळलंच होतं," त्या म्हणाल्या. "तू सांगतेस का बघत होते. या आजारात नस अजून कच्ची असते, जास्त राबवली की मागं जाते. मला खोटं सांगितलंस तरी मी उपचार करीन. पण मग तो त्या खोट्याचा होईल, तुझा नाही."

त्या रगड्यात तीन आठवडे वाया गेले. पुढच्या रविवारी मॅडमनी पप्पांना बोलावून घेतलं आणि समोर बसवून समजावलं. पप्पांनी सगळं ऐकलं, फक्त 'जी' म्हणाले. उठताना त्यांनी भिंतीला हात टेकला. मॅडमच्या नजरेतून ते सुटलं नाही. "गुडघा कधी दाखवलाय का?"

"आमचं काय न्हाई. थंडीनं जरा."

तेव्हा थंडी सुरूही झाली नव्हती आणि सांगलीत पंखा गरगरत होता.

पुढं काय

डिसेंबरात मी समांतर दांडे धरून उभी राहिले, जानेवारीत वॉकर, मार्चमध्ये काठी. भरतीचा विषय कुणी काढेना. पप्पांनी आपल्या परीनं शोध लावला. "बसून करायचं काम बघ. बँकेची परीक्षा हाय, लॅबचा कोर्स हाय." त्यांचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं. पण मी पाच महिने त्या विभागात रोज दोन तास बसत होते, आणि तेवढ्यात मला एक कळलं होतं. मुल्ला मॅडमचा हात नडगीवर होता तेव्हा मला पहिल्यांदा कुणापासून काही लपवावंसं वाटलं नाही. हा हात आपला असावा असं मला वाटायला लागलं होतं.

मॅडमना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण कवठे महांकाळच्या बाईंनी हेच विचारलं होतं. बारावी सायन्स, जीवशास्त्रासकट. फिजिओथेरपीचा प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतो, हे पुष्कळांना उशिरा कळतं. मलाही उशिरा कळलं, म्हणून त्या मेमध्ये घाईनं परीक्षा दिली आणि गुण बेताचे पडले. अभ्यास चार वर्षांचा, वर सहा महिने इंटर्नशिप. पहिल्या वर्षी पेशंटपेक्षा हाडंच जास्त दिसतात, त्याला कंटाळून पोरं सोडतात.

कॉलेज निवडताना इमारत बघायची नाही, असंही त्या म्हणाल्या. सकाळी अकरा वाजता जायचं, सरळ ओपीडीत. गाद्यांवर पेशंट आहेत की विद्यार्थी मोबाईल घेऊन बसलेत ते पाहायचं. प्राचार्यांना काही विचारायचं नाही, इंटर्नला विचारायचं, आठवड्यात तुझ्या हातून किती पेशंट जातात. "आणि तू," त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू जिने मोजायचे."

मग त्या स्वतः पलंगावर आडव्या झाल्या. "मला अर्धांग झालंय असं समज. उठवून खुर्चीत बसव."

"मॅडम, तुम्ही पडाल."

"पडले तर कळंल."

पहिल्या वेळी माझाच उजवा पाय मागं सरकला. दुसऱ्या वेळी आम्ही दोघी पलंगावर परत बसलो. त्यांनी माझे गुडघे त्यांच्या गुडघ्यांना लावायला सांगितलं, कमरेला बांधलेला पट्टा धरायला लावला. "मला उचलायचं नाहीये. मला पुढं झुकव. नाक गुडघ्याच्या पुढं आलं की बूड आपसूक उचलतं." तिसऱ्या वेळी त्या खुर्चीत बसल्या. मी घामानं निथळत होते.

"जमतंय," त्या म्हणाल्या. "इतरांपेक्षा उशिरा जमतंय. पण जमतंय. आता प्रवेशाच्या फॉर्मवर पायाचं जे आहे ते लिही."

जिने

मी आणि पप्पांनी एसटीनं जाऊन तीन कॉलेजं पाहिली. नावं लिहीत नाही. माझ्या पायाला जे जमलं ते दुसऱ्याच्या पायाला जमेल असं नाही. एका ठिकाणी सगळं चकाचक होतं आणि अकरा वाजता गाद्यांवर प्लॅस्टिकची आवरणंही निघाली नव्हती. दुसरं घराजवळ होतं. पप्पांना तेच हवं होतं, रोज नेता-आणता येईल म्हणून. तिसरं सांगलीकडचं, जुनं. तिथं ओपीडीत बसायला जागा नव्हती आणि एकाही इंटर्नला माझ्याशी बोलायला सवड झाली नाही. त्यावरूनच मला उत्तर मिळालं.

तिथला अॅनाटॉमीचा हॉल दुसऱ्या मजल्यावर होता. मी म्हटलं, वर जाऊन येऊ.

"तू ये जाऊन," पप्पा म्हणाले. "मला एक फोन येणार हाय."

अठ्ठेचाळीस पायऱ्या. वर पोचायला मला सहा मिनिटं लागली. खाली आले तेव्हा पप्पा पायरीवर बसले होते आणि फोन खिशात होता.

पसंतीक्रम भरताना मी सांगलीकडचं कॉलेज पहिलं टाकलं. पप्पा स्क्रीनकडं बघत म्हणाले, "पोस्टिंगला तीन जागा मागायचो आमी. मिळायची चौथी." त्या फेरीत मला पहिलीच मिळाली. तोवर आम्ही साताऱ्याला परतलो होतो; आईनं गल्लीत सगळीकडं पेढे वाटून टाकले, आणि मग कागदपत्रांची यादी आली. त्यात एक होता, शारीरिक योग्यतेचा दाखला.

दोन दाखले

दुसऱ्याच दिवशी पप्पा कामावरून येताना पाकीट घेऊन आले. आत दाखला तयार होता. त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी भरून, सही-शिक्का मारून दिला होता. माझी दृष्टी, हृदय, हातपाय सगळं उत्तम होतं. त्या डॉक्टरांनी मला आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"पप्पा, यात उजव्या पायाचं काहीच नाही."

"नसूंदे की. स्प्लिंट बुटात असतो, दिसत न्हाई कुणाला."

"मी दुसरा काढणार."

"आन् सीट गेली तर?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "एका शेऱ्यापायी लोकांची नोकरी गेलेली बघितलीय मी. तू वर्षभर मेहनत केलीस. हातात आलेलं कोण घालवतं?"

 सीट खरंच जाऊ शकत होती. पुढच्या फेरीत माझ्या गुणांना काय मिळालं असतं ते सांगता येत नाही, आणि पुन्हा एक वर्ष मामाच्या घरी काढायची ताकद माझ्यात नव्हती. तो दाखला मी दोन दिवस अभ्यासाच्या टेबलावर ठेवला. वापरावा असं मला चांगलंच वाटलं होतं, हे लपवत नाही. रोज सकाळी स्प्लिंट चढवताना तो समोर दिसायचा. मग वाटायचं, साडेचार वर्षं दुसऱ्यांच्या पायांना हात लावून खरं काय ते विचारायचं, आणि स्वतःचा पाय मात्र झाकून ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "एकदा लपवलं. काय झालं त्ये बघितलंय आपुन." तिनं तेवढंच बोलून दुसरा गोळा घेतला.

मी रिक्षानं सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी मला चवड्यांवर चालायला लावलं, ते जमलं. टाचांवर चालायला लावलं. डावी टाच चालली, उजवी नाही. उकिडवी बसवलं, उठवलं, एका पायावर उभं केलं. शेवटी विचारलं, "हे तुम्ही स्वतःहून का सांगताय?"

"नंतर कळण्यापेक्षा बरं."

त्यांनी लिहिलं. उजव्या पावलात अशक्तपणा, स्प्लिंट वापरते, अभ्यासक्रमासाठी योग्य. दोन ओळींचा शेरा. घरी पप्पांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "आता ह्ये कायमचं फायलीला लागलं," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन गाडी पुसत बसले. ती सकाळीच पुसलेली होती.

प्रवेशाच्या दिवशी ते बरोबर आले. कॉलेजच्या खिडकीवरच्या क्लार्कनं कागद लावता लावता शेऱ्यावर बोट ठेवलं, माझ्या बुटांकडं पाहिलं आणि "बसा जरा" म्हणून फाईल घेऊन आत गेले. आम्ही बाकावर बसलो. चाळीस मिनिटं. माझ्यामागून आलेल्या चार मुली पावत्या घेऊन गेल्या. पप्पा समोरच्या भिंतीकडं बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, सांगितलं हुतं.  त्यांनी माझी पाण्याची बाटली उघडून हातात दिली.

प्राचार्य बाई स्वतः बाहेर आल्या. "वॉर्डात चार-चार तास उभं राहावं लागतं."

"स्प्लिंट घालून राहते. मधे पाच मिनिटं बसायला लागतं."

"पेशंट पडायला लागला तर?"

"पट्टा धरलेला असतो, मॅडम. आणि जो पेशंट मला एकटीला झेपणार नाही, त्याला मी एकटी उठवणार नाही."

त्यांनी फाईलचं पान उलटलं. "अॅनाटॉमी दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही."

"अठ्ठेचाळीस पायऱ्या," मी म्हणाले. "जूनमध्ये मोजून गेलेय. सहा मिनिटं लागली होती, आता तेवढ्या पायऱ्यांना चार लागतात."

त्यांनी क्लार्ककडं वळून फाईल दिली. "पावती करा. हिचं लॉकर तळमजल्यावर द्या."  बाहेर आल्यावर मी गेटजवळच्या कट्ट्यावर बसून रडले. पप्पा शेजारी उभे राहिले, बसले नाहीत.

गुडघा

दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला घरचा अभ्यास होता. दहा माणसांचा गुडघा किती वाकतो ते मोजायचं. त्यासाठी कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं एक लांब दांड्यांचं साधन असतं. कागदावर नाव, वय, डावा, उजवा, दुखतं का, कधीपासून, असे रकाने. गल्लीत मी नऊ माणसं रविवार दुपारपर्यंत संपवली. पप्पा सोडून सहा पेन्शनींपैकी पाच जण "काय दुखत न्हाई" म्हणाले. त्यातल्या चौघांचा गुडघा पूर्ण वाकत नव्हता. मी जे दिसलं ते लिहिलं.

दहावं माणूस घरातच होतं. पप्पा खुर्चीत बसून टीव्हीवर बातम्या बघत होते. जेवायलाही ते आता खुर्चीतच बसतात. मी खाली बसले आणि त्यांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. डावा वाकवला. मग उजवा. तो काटकोनाच्या जरासा पुढं जाऊन अडला आणि पप्पांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"दुखतं?"

"न्हाई."

मी साधन बाजूला ठेवलं आणि तळवा त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. पाय हळूच हलवला. वाटीखाली वाळू घासल्यासारखं लागत होतं.  हात तिथंच राहू दिला. टीव्हीवर हवामान झालं, मग बाजारभाव झाले. आई पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"अकरा वर्षं झाली," पप्पा टीव्हीकडं बघत म्हणाले. "बर्फात घसरलो हुतो. सुभेदारीला नाव वर गेलं हुतं. बोललो असतो तर कॅटेगरी पडली असती. पट्टी बांधून तसाच पळलो, त्या वर्सीच्या टेस्टला." मग म्हणाले, "तुला तीस-तीस करायला लावलं न्हवं, त्ये तसंच करून आलोय मी. दुसरं काय म्हाईत न्हवतं."

  मी पेन उचललं. रकाना मोकळा होता.

"लिहू का?" मी विचारलं.

पप्पांनी टीव्ही बंद केला. कागद माझ्या हातातून घेतला, लांब धरून वाचला, आणि परत दिला.

"लिही," ते म्हणाले. "आन् डाव्याचंबी लिही. त्योबी दुखतोय."